‘चळ’ नाही हो, आजार आहे तो!

मागच्या महिन्यात आमगाव तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक आटोपून निघाले, तर वाटेत एका घराच्या ओसरीवर पंच्याऐंशीच्या घरातली एक आजी बसलेली. मला पाहताच तिने हाक मारली, "बाई, सकाळपासून पोटात कण नाही गेला. सून देतच नाही." माझ्यासोबतच्या बाईने लगेच कानात सांगितलं, "रोजचंच आहे हे. बुढीला उपाशी मारून राहिली ती." तेवढ्यात सून बाहेर आली. हातात उष्टं ताट. "पाहा ताई, आत्ताच जेवली. वरण-भात, भाजी, सगळं. दहा मिनिटं नाही झाली. आता मी काय करू?" एवढं बोलून ती दारातच बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मैत्रिणींनो, त्या ओसरीवर मला माझंच घर दिसलं. सात-आठ वर्षांपूर्वीचं.

माझ्या सासूबाई म्हणजे हिशेबाला पक्क्या. शिक्षण दुसरी-तिसरीपर्यंतचं, पण रोवणीला किती बाया होत्या, कोणाचे किती दिवस भरले, कोणाला किती उचल दिली, सगळं तोंडपाठ. वही माझे सासरे लिहायचे, चूक सासूबाई काढायच्या! २०१६ च्या सुमारास त्या एक्याऐंशीच्या होत्या. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा हिशेब चुकला. मग भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. मग नातवाला काकाच्या नावाने हाक. आम्ही हसायचो. "आईला म्हातारचळ लागला" म्हणून घरात गंमत चालायची. आज त्या हसण्याची लाज वाटते.

पुढे गंमत राहिली नाही. एक दिवस त्यांच्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात. त्यांनी सगळ्या आळीला सांगितलं, "सुनेनं चोरल्या." पंधरा-सोळा वर्षं ज्या बाईसोबत एका चुलीवर स्वयंपाक केला, तिनं मला चोर म्हणावं? मी खूप भांडले. बोलू नये ते बोलले. चार महिन्यांनी तांदळाच्या कोठीत तळाशी, जुन्या लुगड्याच्या चिंधीत त्या पाटल्या मिळाल्या. त्यांनीच ठेवल्या होत्या आणि ठेवल्याचं विसरल्या होत्या. मी पाटल्या समोर धरल्या तर म्हणाल्या, "ह्या कोणाच्या?"

नणंदबाई दोन दिवसांसाठी आल्या की सासूबाई एकदम शहाण्यासारख्या वागायच्या. हसून बोलायच्या, विचारपूस करायच्या. नणंदबाई मला म्हणायच्या, "आईला तर काहीच झालं नाही. तुम्हीच काही बोलत असाल." हे ऐकून किती बायांच्या मनात काय काय येतं, ते मला सांगायला नको. या आजारात असं होतं, हे मला फार उशिरा कळलं. पाहुण्यांसमोर माणूस सगळी शक्ती एकवटून तास-दोन तास, कधी दिवस-दोन दिवसही नीट वागू शकतं. पाहुणे गेले की परत पहिले पाढे पंचावन्न!

आणि एक दिवस त्या घरातून निघून गेल्या. तीन तास शोधाशोध. शेवटी गोंदियाच्या रेल्वे स्टेशनवर एका चहावाल्याने बसवून ठेवलेल्या सापडल्या. हातात पिशवी, पिशवीत एक लुगडं आणि शिळी पोळी. माहेर त्यांचं बालाघाटकडचं. "छोट्या लाईनच्या गाडीची वाट पाहून राहिली," म्हणाल्या, "बाबा येऊन राहिले मले घ्यायला." छोटी लाईन बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. आणि बाबांना जाऊन पन्नास.

त्यानंतर आम्ही दवाखाना गाठला. पहिल्या डॉक्टरांनी "वयाप्रमाणे होतंच" म्हणून टॉनिक लिहून दिलं. ते वर्षभर चाललं. मग नागपूरला मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी अर्धा तास नुसत्या गप्पा मारल्या, रक्त तपासायला लावलं, डोक्याचा फोटो काढायला लावला आणि सांगितलं, हा स्मृतिभ्रंश आहे. मी विचारलं, "डॉक्टर, जेवून उठतात आणि उपाशी आहे म्हणतात. मुद्दाम करतात का?" ते म्हणाले, "खोटं बोलायला आधी खरं आठवावं लागतं. त्यांच्या मेंदूने जेवणाची नोंदच केलेली नाही. त्यांच्या लेखी त्या उपाशीच आहेत."

मैत्रिणींनो, या दोन-चार वाक्यांनी माझा राग गेला. औषधाने सासूबाईंना फार फरक पडला नाही, पण मला पडला. म्हणूनच मला वाटतं, या आजाराबद्दल आपण बायांनी समजून घ्यायलाच हवं. तज्ज्ञ होण्यासाठी नाही, निदान एकमेकींना दोष न देण्यासाठी.

गंमत म्हणजे या आजाराची पहिली नोंदलेली कहाणीही एका रेल्वेच्या कारकुनाच्या बायकोचीच आहे! १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. आधी तिला नवऱ्याचा संशय येऊ लागला. मग स्वयंपाक चुकू लागला, वस्तू लपवू लागली, आपलं नावही नीट लिहिता येईना. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिची प्रत्येक गोष्ट लिहून ठेवली. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर चिकट डाग आणि पेशींच्या आत दोऱ्यांचा गुंता! पुढे १९१० मध्ये या आजाराला त्यांचंच नाव मिळालं.

ते डाग आणि तो गुंता कशाचा, हे कळायला पुढची कित्येक वर्षं गेली. ती प्रथिनं आहेत. डाळीत असतात त्या प्रथिनांबद्दल आपण मुलांना सांगतो, पण आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी स्वतःची प्रथिनं बनवते आणि त्यांच्यावरच तिचं काम चालतं. प्रथिनाची एक ठरावीक घडी असते. घडी बरोबर तर काम बरोबर. घडी बिघडली की ती एकमेकांना चिकटतात, गोळा होतात. दूध नासल्यावर काय होतं? दुधातल्या प्रथिनांच्याच गाठी होतात ना! आणि नासलेलं थोडंसं चांगल्या दुधात पडलं तर तेही नासतं. मेंदूतही बिघडलेलं प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाला बिघडवत पुढे पसरतं, असं आज शास्त्रज्ञांना दिसतं. तरुणपणी मेंदू हा कचरा साफ करत राहतो. वय वाढलं की साफसफाई मंदावते. बांधीचा पाट दरवर्षी उपसला नाही तर गाळाने बुजतो आणि शेवटच्या बांधीला पाणी पोचत नाही, तसंच काहीसं.

अल्झायमरमध्ये दोन प्रथिनं बिघडतात. बाहेरचे डाग बीटा अमिलॉइडचे, आतला गुंता टाऊचा. दुसऱ्या एका स्मृतिभ्रंशात अल्फा सिन्युक्लीन नावाचं प्रथिन गोळा होतं. त्याच्या गाठींना ‘लुई बॉडी’ म्हणतात. पार्किन्सनच्या कंपवातातही हीच गाठ. अशा रोग्यांना नसलेली माणसं दिसतात, हातपाय ताठरतात, एक दिवस चांगला तर एक दिवस वाईट जातो. आपल्याकडे "बुढ्याला भूत दिसतं" म्हणतात, त्यातल्या काहींची ही गत असू शकते.

आणि आता एक नवीन गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टीडीपी-४३ नावाचं एक प्रथिन आहे. निरोगी पेशीत ते केंद्रकात बसून जनुकांचे निरोप हाताळतं. २००६ मध्ये शास्त्रज्ञांना कळलं की काही मेंदूविकारांत हे प्रथिन आपली जागा सोडून बाहेर गोळा होतं. मग २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून एका वेगळ्याच आजाराला नाव दिलं. त्याच्या इंग्रजी अद्याक्षरांनी शब्द होतो ‘लेट’, म्हणजे उशिरा! नावाप्रमाणेच हा उशिरा येतो, बहुधा ऐंशीनंतर. बाहेरून अगदी अल्झायमरसारखा दिसतो. विसरणं तेच, गोंधळणं तेच. पण आतलं प्रथिन वेगळं. एकटा असेल तर सहसा हळूहळू वाढतो. अल्झायमरच्या जोडीने आला तर मात्र घसरण वेगाने होते. ऐंशीच्या पुढे गेलेल्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तर पाचात एकाहून जास्त जणांत हा बदल लक्षणं दिसण्याइतका सापडतो, असं त्या तज्ज्ञांनी लिहिलं. जिवंतपणी याची खात्री करणारी तपासणी अजून नाही.

म्हणजे काय? तर उतारवयात बऱ्याचदा एकच आजार नसतो. थोडं अमिलॉइड, थोडं टाऊ, थोडं टीडीपी, वर रक्तदाबाने बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या, अशी खिचडी असते. माझ्या सासूबाईंना नेमकं काय होतं, ते आता कधीच कळणार नाही. नागपूरच्या डॉक्टरांनीही कागदावर अल्झायमरपुढे प्रश्नचिन्हच टाकलं होतं.

तुम्ही म्हणाल, ताई, नाव अमिलॉइड असो की टीडीपी, ताट तर आम्हालाच उचलायचं आहे. मग उपयोग काय या माहितीचा?

पहिला उपयोग पैशाचा. अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये दोन नवीन औषधांना मान्यता मिळाली. ती मेंदूतलं अमिलॉइड काढतात, आजाराची गती थोडी कमी करतात, तीही अगदी सुरुवातीला दिली तर. मेंदूला सूज येण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका असतो. गेलेली स्मरणशक्ती परत आणत नाहीत आणि ज्याचा आजार टीडीपीचा आहे, त्याला त्यांचा काय उपयोग? हे माहीत असलं म्हणजे "महिन्याभरात आठवण परत" म्हणणाऱ्या जाहिरातीच्या पुडीला आपण फसत नाही. धान विकून आलेला पैसा तिथे जात नाही.

दुसरा उपयोग तपासणीचा. प्रत्येक विसरणं म्हणजे प्रथिनांचा आजार नसतो. थायरॉइड कमी असेल, बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल, मनात खोल उदासी असेल, पडून डोक्यात रक्त साकळलं असेल, झोपेच्या गोळ्या जास्त होत असतील, तरी माणूस विसरतं, बावचळतं. यातलं बरंचसं उपचारांनी सुधारू शकतं. "वयाप्रमाणे होतंच" म्हणून घरी बसवलेल्या म्हाताऱ्यांमध्ये अशा किती असतील? आमच्या घरात टॉनिकवर वर्ष गेलं. तुमचं जाऊ देऊ नका.

तिसरा उपयोग सगळ्यात मोठा. दोष जातो. सासू नाटकी नाही, सून वाईट नाही, घराला कोणी करणी केलेली नाही. आपल्या झाडीपट्टीत हे बोलणं मला फार गरजेचं वाटतं. रात्री उठून बडबडणारी, अंगणात उघडीवाघडी येणारी, दुसऱ्याच्या घराकडे टक लावून पाहणारी एकटी म्हातारी लोकांच्या डोळ्यांवर येते. मग कोणी बाबाकडे नेतं, कोणी अंगात आलं म्हणून मारतं, कोणी तिच्यावरच जादूटोण्याचा आळ घेतं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, एखादीला चेटकीण ठरवून छळणं हा गुन्हा आहे. पण पोलीस येण्याआधी शेजारीण पोचते. तिनेच म्हटलं पाहिजे, "अगं, हे मेंदूचं दुखणं आहे. दवाखान्यात नेऊ."

"आमच्या आजीच्या काळी नव्हते हो असले आजार," असंही ऐकू येतं. होते, पण त्या वयापर्यंत पोचणारे कमी होते. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडचं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. आज ते सत्तरीला टेकलं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे साठ वर्षांवरच्या १०० माणसांत सातांहून जास्त जणांना, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यात पुरुषांपेक्षा बाया जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे हा फक्त मुंबई-पुण्याच्या बंगल्यातला आजार नाही. आपल्या ओसरीवरचा आहे.

बाया जास्त का? एक कारण आपण जास्त जगतो. पण दुसरं कारण मनाला लागतं. लहानपणी शाळा न मिळणं हेही या आजाराच्या धोक्यांपैकी एक आहे. अमेरिकेत १९८६ पासून ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा अभ्यास झाला. त्यांनी मृत्यूनंतर आपले मेंदू संशोधनाला दिले. त्यातली एक सिस्टर १०१ वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत तल्लख. मेंदू तपासला तर अल्झायमरचे डाग भरपूर! म्हणजे डाग असूनही मेंदू तग धरू शकतो. शिक्षण, वाचन, माणसांत राहणं यांनी मेंदूला अशी शिल्लक मिळते, असं शास्त्रज्ञ मानतात. ज्या मुलीला आपण आज सातवीनंतर घरी बसवतो, तिची ऐंशीतली शिल्लक आपण आजच खर्च करतो आहोत.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये १४ धोके सांगितले आणि ते सगळे टाळता आले, तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात असं म्हटलं. रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचा धूर, दारू, डोक्याला मार, बैठं आयुष्य, नैराश्य, एकटेपणा, प्रदूषण, कमी शिक्षण, कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं. यातले बरेचसे धोके चाळिशी-पन्नाशीत सुरू होतात. म्हणजे सासूच्या नाही, आपल्या वयात! आपण नवऱ्याचा बीपी मोजून घेतो, स्वतःचा कधी मोजला? मोतीबिंदूचं ऑपरेशन "पुढच्या वर्षी" म्हणत आपण किती वर्षं ढकलतो?

आता जे खरं मला म्हणायचं आहे ते म्हणते. स्मृतिभ्रंश एका माणसाला होतो आणि एका बाईला पुरून उरतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ च्या ‘अस्तु’ चित्रपटात संस्कृतचे गाढे विद्वान असलेले वडील विसरू लागतात आणि हत्तीच्या मागे जात हरवतात. मोहन आगाशेंनी ती भूमिका केली आहे, ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यात वडिलांची ओढाताण लेकीच्या वाट्याला येते, आणि रस्त्यावर त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट पाहताना मी रडले, पण एक गोष्ट खुपत राहिली. पडद्यावर काय आणि घरात काय, सांभाळणारी बाईच!

मीही एकदा वाईट वागले. मंडळाचा कार्यक्रम होता, माझं भाषण होतं. घरी कोणी नाही. मी सासूबाईंना खोलीत बसवून बाहेरून कडी लावली आणि गेले. परत आले तेव्हा त्या दाराशी खाली बसलेल्या, लुगडं ओलं झालेलं, नखांनी दार ओरबाडलेलं. त्या दिवशी मी स्वतःला खूप बोलले. पण आज विचार करते, त्या घरात त्यांना तीन लेकरं होती. थोरला मुलगा पुण्याला, लेक दोन तासांवर, आणि माझे यजमान घरातच. मग कडी लावायची वेळ एकट्या सुनेवरच का आली? दीर दर महिन्याला पैसे पाठवायचे, हे खरं. पण पैशाने डायपर येतो, बदलणारे हात येत नाहीत. माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्याला जमिनीत वाटा आहे, त्याला आईच्या आजारातही वाटा आहे. वर्षातून दोन महिने घेऊन जा. ते जमत नसेल तर दिवाळीच्या मंडईला आलात की आठ दिवस तुम्ही सांभाळा, सुनेला माहेरी पाठवा. आणि पाहुण्यासारखे येऊन तिला शिकवू नका.

सरकारकडूनही मागायला हवं. गोंदियात २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आणि तालुक्याच्या रुग्णालयांत आठवड्यातली एक दुपार फक्त म्हाताऱ्यांच्या विसराळूपणासाठी ठेवली, जवळच बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली, तर देवरी-सालेकसाच्या म्हातारीला नागपूर गाठावं लागणार नाही. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? लाजेपोटी आपण "नाही नाही" म्हणून टाकतो. खरं सांगा. नोंदच झाली नाही, तर सोय कशी होईल? तोवर मनाच्या त्रासासाठी १४४१६ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे सरकारचे मोफत फोन आहेत. ते लिहून दाराला लावा. आणि म्हातारीच्या गळ्यात नाव-फोनचा बिल्ला घाला. आमच्या वेळी तो चहावाला भला निघाला, दरवेळी निघेलच असं नाही.

सासूबाई २०२२ मध्ये गेल्या. शेवटची दोन वर्षं त्यांनी मला सून म्हणून ओळखलं नाही, "माय" म्हणायच्या. "जेवण दिलं नाही" म्हटलं की मी वाद घालत नसे. "हो, भात शिजून राहिला" म्हणायचे आणि वाटीत चार मुरमुरे द्यायचे. तेवढ्याने त्यांचं समाधान व्हायचं. हे मला पाच वर्षं आधी सुचलं असतं तर!

त्या गावातल्या सुनेला मी हेच सांगितलं. मग परत गटाच्या बायांना बसवलं, कानात बोलणाऱ्या बाईलाही. अर्धा तास बोलले. शेवटी ठरलं, की मंगळवारी दुपारी दोन तास गटातली एक बाई आळीपाळीने आजीजवळ बसेल. सुनेने तेवढ्यात झोपावं, बाजाराला जावं, काहीही करावं. पहिल्या मंगळवारी त्या कानात बोलणाऱ्या बाईनेच नाव दिलं. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, मी सामने बसून जेवू घातलं. हात धुवून आली, तर बुढी म्हणते, सकाळपासून उपाशी आहो!" थोडा वेळ थांबून म्हणाली, "मी उगाच बोलत होती त्या पोरीले."

मैत्रिणींनो, तुमच्या आळीत अशी एक ओसरी नक्की असेल. या मंगळवारी तिथे जाऊन बसाल?